न दिलेली दहावी

मी दहावी झालेले नाही. चौथी झाले, तीही सावंतवाडीकडच्या एका गावात, जिथे चार वर्गांना मिळून एकच गुरुजी होते आणि लावणीच्या दिवसांत तेही येत नसत. हे आधीच सांगून टाकते. कारण बोरीवलीतल्या एका शाळेत दरवर्षी हॉलभर मुलांना याच्या उलट सांगितलं जातं, आणि ते सांगत असताना मी स्टेजवर शाल पांघरून बसलेली असते.

त्या शाळेत मी चोवीस वर्षं शिपाई होते. आता सेविका म्हणतात. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा चाळीतल्या एका बाईंनी मला तिथे चिकटवून दिलं. घंटा द्यायची, पाणी भरायचं, शिक्षकांना चहा, नोटिशी वर्गावर्गात फिरवायच्या, कुणी ओकलं तर त्यावर माती टाकायची. मुलं मावशी म्हणायची. मला मुलांचा फार लळा वगैरे नव्हता. कामाला होते, काम केलं.

त्या कामातलं एक काम पुस्तकपेढीचं. दहावीची परीक्षा झाली की मुलांनी आपली पुस्तकं शाळेत परत द्यायची आणि जूनमध्ये ती पुढच्या दहावीला मिळायची. पुस्तकं यायची ती फाटकी, कोपरे दुमडलेले, मध्येच पान गायब. ती डागडुजी माझ्याकडे, आणि ती जूननंतरही महिनोन्महिने चालायची. मैद्याची खळ घेऊन मी दहावी ब च्या वर्गाबाहेर जिन्याच्या कठड्याजवळ बसायचे, कारण तिथे वारा असायचा आणि चिकटवलेली पानं लवकर सुकायची. एकेक पान उलटून बघायचे. पानाखालचा आकडा बघायचे, वरच्या ओळी नाही. सत्तेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस आलं की पुढे.

वर्गातून मुलं बघत असणार. मावशी पुस्तक घेऊन बसल्या आहेत, पान उलटत आहेत. त्यांना काय वाटायचं ते मला तेव्हा कळलं नाही. पंचवीस वर्षांनी कळलं.

त्यात आणखी एक झालं. एका वर्षी दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले. माझा मुलगा दहावी झाला होता, कांदिवलीच्या शाळेतून. बासष्ट टक्के. मुलांनी पेढे उचलले आणि पळाली. कसले म्हणून एकानेही विचारलं नाही. ज्याला त्याला स्वतःच्या निकालाची पडलेली.

त्याच वर्षीची दहावी ब आता चाळिशी ओलांडलेली आहे. त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, एकमेकांना शोधून काढलं आणि मग मलाही शोधलं. मी निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते, त्याच बोरीवलीत, स्टेशनच्या अलीकडे. त्यांचा मॉनिटर घरी आला. शाळेत होता तेव्हा डस्टर आपटून पोरांना गप्प करायचा. आता अंधेरीला त्याचं स्वतःचं ऑफिस आहे, एसी बसवायचा धंदा. आला तो पायाच पडला.

"मावशी, आम्ही ठरवलंय. दरवर्षी दहावीच्या शुभेच्छा समारंभाला आपली बॅच जाणार. मुलांना पेन द्यायचं, पॅड द्यायचं, चार गोष्टी सांगायच्या. मराठी शाळा आहे, टिकली पाहिजे ना? तुम्ही यायचं."

"मी येऊन काय करू? घंटा देऊ?"

"नुसत्या बसा हो. तुम्हाला बघून मुलांना काहीतरी मिळेल."

मला वाटलं शाल देतील, नारळ देतील, चहा देतील. गेले.

स्टेजवर पोचल्यावर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खुर्चीवरून उठल्या आणि मला मधे बसवलं. ज्या शाळेत चोवीस वर्षं मी ट्रे घेऊन उभी राहिले तिथे बाई माझ्यासाठी उठल्या. मग मॉनिटरने माईक घेतला. म्हणाला, "ह्या आमच्या मावशी. आम्ही वर्गात टंगळमंगळ करायचो आणि ह्या जिन्यात बसून आमचीच जुनी पुस्तकं वाचायच्या. पन्नाशीला आल्या होत्या. बाहेरून दहावीला बसल्या आणि आमच्याच बरोबर पास झाल्या. बासष्ट टक्के! निकालाच्या दिवशी यांनी आम्हाला पेढे दिले, आठवतंय मला. आणि तुम्ही म्हणता अभ्यास होत नाही?"

सगळी मुलं टाळ्या वाजवत उभी राहिली.

मी गप्प बसले. पुढे बऱ्याच गोष्टी झाल्या, त्यांचं मूळ इथे आहे. हातात माईक दिला होता. "नाही रे बाबा, मी चौथी आहे" एवढंच म्हणायचं होतं, दोन सेकंदांचं काम. मी म्हटलं, "शिका." आणि माईक परत दिला. लोक म्हणतील, गोंधळून गेली असेल म्हातारी. गोंधळले नव्हते. मला बरं वाटलं होतं. त्या खुर्चीवरून उठायचं नव्हतं, बस्स.

घरी येऊन सुनेला विचारलं, "हे बासष्ट टक्के त्याला कुणी सांगितले गं?"

"मी सांगितले. त्यांचा फोन आला होता, आईंना किती टक्के होते म्हणून."

"ते तुझ्या नवऱ्याचे आहेत."

"मग काय सांगायचं होतं मी? आई चौथीत शाळा सोडून गुरं राखत होत्या? ते एवढ्या मानाने विचारत होते. आणि तुम्ही तरी कुठे नाही म्हणालात? व्हिडिओ पाहिला मी."

व्हिडिओ तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडे तळमजल्यावरची गुजराती बाई म्हणाली, "बा, तुम्ही तो कमाल केली!" मुलगा घरी आला, ऐकलं, हसला. "माझे टक्के नेलेस तर ने आई. माझ्या काय कामाला आले?" त्याच्यासाठी विषय संपला.

पुढच्या वर्षी पुन्हा गाडी आली. गेले. आता नाही कसं म्हणणार? गोष्टीत भर पडली होती. मी म्हणे घरच्यांपासून लपवून अभ्यास केला. मी म्हणे गणितात सर्वांत जास्त मार्क मिळवले. दहावी ब चं पाहून इतर बॅचही येऊ लागल्या, कुणी वाचनालयाला कपाट दिलं, कुणी मुलींना सायकली. चांगलं काम होतं, मी नाही म्हणत नाही. पण प्रत्येक बॅच मला भेटायला यायची आणि प्रत्येकाला माझ्या तोंडून तेच ऐकायचं असायचं. मी "मेहनत करा" म्हणून सुटायचे. घराबाहेर पडणं कमी केलं. देवळात गेले तरी कुणाची तरी आई नातवाला पुढे करायची, "आजींना विचार, अभ्यास कसा करायचा ते."

एवढं असतं तरी मी सोसलं असतं. खोटेपणाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग ती आली.

ती म्हणजे माझ्या जागेवर माझ्यानंतर कामाला लागली ती. तिशी उलटलेली, दोन मुली, नवरा रिक्षा चालवतो. राहायला नॅशनल पार्कच्या भिंतीलगत. शाळेत कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. त्या पहिल्या समारंभात ती हॉलच्या दाराशी पेनांचे बॉक्स घेऊन उभी होती आणि सगळं ऐकत होती. तिने जाऊन सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. तिला नववीत शाळेतून काढून लग्न लावून दिलं होतं.

पहिल्यांदा आली ती फॉर्मची पावती दाखवायला. "मावशी, तुम्ही केलंत ना, म्हणून मी पण. नवरा म्हणाला, डोकं फिरलंय तुझं. मी म्हटलं, माझ्याच जागेवर काम करणारी बाई पन्नासाव्या वर्षी पास झाली. तेव्हा गप्प झाला."

मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

मग ती दर रविवारी दुपारी यायला लागली. तिला कारण होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला परिचर पुढच्या जूनच्या पुढच्या जूनला निवृत्त होणार होता. मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, दहावीचं प्रमाणपत्र आण, मी तुझं नाव पुढे करते. कायमची नोकरी. नाहीतर तोच झाडू आणि तोच अकरा महिन्यांचा कागद.

मार्चमध्ये बसली. मराठी, इतिहास, सगळं निघालं, इंग्रजीसुद्धा. गणित राहिलं. जुलैत फेरपरीक्षा दिली, पुन्हा गणित राहिलं. दोन मार्कांनी नाही, चांगलंच राहिलं. पुढचा मार्च शेवटचा होता. त्याच्यानंतर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती, आणि नवऱ्यानेही सांगून टाकलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर पुस्तकं रद्दीत.

ती माझ्याकडे गणिताची वही घेऊन यायची. मी म्हणायचे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग म्हणायला लागले, आमच्या वेळचा अभ्यासक्रम वेगळा होता. ती म्हणायची, "मग नुसतं सांगा ना, कसं करायचात?" मी सांगितलं, पहाटे चारला उठ. आपलं तोंडाला आलं ते सांगितलं. ती चारला उठायला लागली. दिवसभर झाडलोट, घरी स्वयंपाक, आणि चारला गणित. एक दिवस शाळेच्या जिन्यात झोपून पडली, तर मधली सुट्टी दहा मिनिटं उशिरा झाली. मोठ्या बाईंनी मेमो दिला. ती मला येऊन हसत सांगत होती. मी चहाचा कप खाली ठेवला.

दिवाळी झाल्यावरचा रविवार होता. ती आली, चटईवर बसली, वही माझ्या मांडीवर ठेवली, वर पेन्सिल ठेवली.

"मावशी, एवढं एक करून दाखवा. एकच. मी बघते तुमचा हात कसा जातो ते."

एक माणूस झाडापासून काही अंतरावर उभा आहे, त्याला झाडाचा शेंडा अमुक कोनात दिसतो, तर झाडाची उंची किती. आमच्या गावात माडाची उंची पाडेली सांगायचा, जो नारळ पाडायला वर चढतो तो. मी वहीकडे बघत राहिले. आकडे होते, छोटे छोटे गोल काढलेले होते आकड्यांच्या डोक्यावर.

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अगं, आईंना आता नाही गं आठवत. वय झालं."

"काय नाही आठवत? कुठल्या वर्गातला पंखा कधी पडला ते आठवतं त्यांना! कुठल्या बाई चहात साखर किती घ्यायच्या ते आठवतं. करा ना मावशी. नाहीतर मी पडणार यंदा पण."

"मला येत नाही," मी म्हटलं.

"विसरलात?"

"विसरायला आधी यावं लागतं. मी चौथी आहे. दहावीला कधी बसलेच नाही. ती पोरं समजली तसं समजली आणि मी त्यांना समजू दिलं."

सून म्हणाली, "आई!"

तिने सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाली, "आणि पेढे?"

"मुलाचे."

"आणि जिन्यात बसून पुस्तकं वाचायचात ती?"

"चिकटवत होते."

तिने वही माझ्या मांडीवरून उचलली. पेन्सिल खाली पडली होती ती शोधून घेतली, पिशवीत टाकली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझी पोर मला चारला उठवते," ती म्हणाली. "गजर लावून. म्हणते, आई ऊठ, शिपाईआजी उठायच्या. सांगायचं होतं ना मावशी, पहिल्याच दिवशी. मी क्लास लावला असता कुठेतरी. वर्षाच्या वर इथे बसून चहा पिला मी."

चप्पल घालून गेली. दार ओढून घेतलं नाही.

सून दार लावत म्हणाली, "काय गरज होती? आता ती शाळाभर करणार. आमची इज्जत काय राहिली?"

"तुझी इज्जत माझ्या दहावीवर होती होय?"

"होतीच की," ती म्हणाली. आणि खरंच रडायला लागली.

ती शाळाभर करणार नव्हती, मला माहीत होतं. स्वतःचीच फजिती तिला चारचौघांत सांगायची नव्हती. पण गणित तसंच होतं आणि मार्च तिथेच होता. संध्याकाळी मी नातवाला फोन लावून द्यायला सांगितला, मॉनिटरला.

त्याला सगळं सांगितलं.

"मावशी, मस्करी करताय ना?"

"चोवीस वर्षांत कधी केली?"

"अहो पण... मी माझ्या पोराला सांगितलीय ही गोष्ट. तो नापास झाला तेव्हा. शाळेत फळ्यावर लिहिलंय तुमच्याबद्दल. आता काय करायचं?"

"ते तू बघ. मला माईक दे, मी सांगते खरं काय ते."

"नको! नको मावशी. असू द्या ना. मुलांना त्यातून काहीतरी मिळतंय. कुणाचं नुकसान आहे का?"

"एकीचं आहे," मी म्हटलं, आणि त्या मुलीचं सांगितलं. "तुम्ही येता, पेन देता, भाषण देता, फोटो काढता. तुमच्यातल्या एकालाही गणित येत नाही का? मार्चपर्यंत दर रविवारी तिला शिकवायला माणूस पाठव. नाहीतर येत्या समारंभाला मी माईक सोडणार नाही."

"तुम्ही मला ब्लॅकमेल करताय मावशी?"

"त्याला काय म्हणतात ते तुला माहीत. मी चौथी आहे."

तो हसला, मग हसायचा थांबला. धंदेवाला माणूस आहे. "ठीक आहे. आमच्यातली एक आहे, पहिल्या बाकावर बसायची ती. गणिताचा क्लास आहे तिचा, बोरीवली वेस्टला. तिला सांगतो. ती नाही म्हणणार नाही. पण मग तुम्हीसुद्धा शब्द द्या. दरवर्षी यायचं. आणि बोलायचं नाही."

"कुठपर्यंत?"

"म्हणजे?"

"किती वर्षं?"

"आता ते काय मी सांगू, मावशी," तो म्हणाला. "येताय तोपर्यंत."

मी शब्द दिला. त्या वेळी मला घासाघीस सुचली नाही. चार वर्षं, पाच वर्षं असं काहीतरी ठरवायला हवं होतं.

क्लासवाली खरोखर गेली. स्वतःच्या क्लासची पोरं सोडून रविवारी साडेतीन तास हिच्यासाठी बसायची. मला फोन करून सांगायची, "मावशी, हिला येतं हो सगळं. फक्त प्रश्न वाचायच्या आधीच घाबरते." माझ्या दहावीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मॉनिटरने तिला सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

शिकणारी मात्र माझ्याकडे आली नाही. मे महिन्यात निकाल लागला, तो मला नातवाने दहावी ब च्या ग्रुपवर वाचून दाखवला. गणितात एक्केचाळीस. जूनमध्ये ती प्रयोगशाळेत लागली. झाडू सुटला. मला वाटलं आता तरी येईल. नाही आली. मला त्यात राग धरण्यासारखं काही दिसत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही गेले नसते.

यंदाच्या समारंभात मॉनिटरने दोन गोष्टी सांगितल्या. आधी माझी, मग तिची. माझी ऐकून ती कशी पेटली, आणि एका शिपाईबाईने दुसरीला कसं वर आणलं. तिला स्टेजवर बोलावलं, माईक दिला. तिला खरं माहीत होतं आणि तिने कुणाला शब्द दिलेला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. मीही खाली बघितलं नाही.

"गणित घरी बसून येत नाही," ती मुलांना म्हणाली. "शिकवणारं कुणीतरी लागतं. मला या क्लासच्या मॅडमनी शिकवलं. नाही येत तर नाही येत म्हणून सांगा, आणि ज्याला येतं त्याच्याकडे जा." माईक मॉनिटरच्या हातात देऊन ती खाली उतरली. माझ्या खुर्चीजवळून गेली, पाया पडली नाही. तिला टाळ्या माझ्यापेक्षा कमी पडल्या.

नंतर एक चष्मेवाली मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. "आजी, मला भूमिती अजिबात जमत नाही. तुम्ही कशी केलीत?" मॉनिटर तिच्या मागेच उभा होता. मोबाईल वर धरून माझ्याकडे बघत होता.

मी मुलीला म्हटलं, "प्रयोगशाळेत जा. तिथल्या मावशींना दाखव."

"पण तुम्हीच सांगा ना, आजी."

"तिला दाखव म्हटलं ना."

ती गेली. प्रयोगशाळेचं दार हॉलच्या समोरच आहे, उघडंच होतं. टेबलावर वही उघडलेली मला दिसली, दोघी वाकलेल्या दिसल्या. क्लासवालीही आत गेली. मला तिथे जावंसं वाटलं. काही करायला नाही, नुसतं दारात उभं राहून बघायला, झाडाची उंची काढतात कशी. मी खुर्चीचे हात धरून उठायला गेले तर मॉनिटर ओरडला, "मावशी, बसा बसा! सगळ्या बॅचेसचा एकत्र फोटो आहे." चारी बाजूंनी माणसं येऊन उभी राहिली, पुढे मुलं मांडी घालून बसली, कुणीतरी माझी शाल नीट केली. मधल्या खुर्चीत मी. समोर मोबाईल धरून उभ्या राहिलेल्या माणसांच्या मागे प्रयोगशाळेचं दार दिसेनासं झालं.

"पुढच्या वर्षी पण अशाच, काय मावशी?" मॉनिटर कानाशी वाकून म्हणाला.

"शब्द दिलाय ना," मी म्हटलं, आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.